सात हातांची रिंग

शाळेत सगळ्यात मोठा आवाज कोणाचा, तर ड्रिल मास्तरचा. आणि सगळ्यात कमी कोणाचं ऐकलं जातं, तर तेही त्याचंच. उभं आयुष्य मी हा धंदा केला. गणिताचे मास्तर तापानं पडले की त्यांचा तास मी घ्यायचा, तपासणीला साहेब यायचे असले की लेझीम मी बसवायची, पाण्याच्या टाकीत बेडूक पडला तर तोही मीच काढायचा. पोरं रांगेत उभी करायची आणि उभी केलेली रांग मोडू द्यायची नाही, एवढीच काय ती याची विद्या, असं आमचे हेडमास्तर चारचौघांत म्हणत. मी "हो जी" म्हणून हसायचो. मनात म्हणायचो, थांबा बाप्पा, एक दिवस दाखवतो.

तो दिवस आला, पण दाखवणारा मी नव्हतो. संपादकांनी मला 'तुम्ही घडवलेले खेळाडू' या विषयावर लिहायला सांगितलं आहे. मी कागदावर चार नावं लिहिली आणि तीन खोडली. उरलं ते दसरूचं. आणि त्याच्या बाबतीत 'घडवलेले' हा शब्द मला आता लिहवत नाही. का, ते सांगतो.

गाव सिंदेवाहीहून सात-आठ मैल आत, बैलगाडीच्या वाटेवर. नाव लिहीत नाही, कारण ज्या सुताराची गोष्ट येणार आहे त्याचे नातू तिथेच रंधा मारतात आणि मला रस्त्यात ओळखतात. पन्नास सालानंतरचा काळ. तेव्हा चांदा जिल्हा एकच होता, गडचिरोली त्यातलीच तहसील, आणि आमची राजधानी नागपूर. गावाला दोनच गोष्टींचा तोटा नव्हता. एक पाणी, कारण जुना मालगुजारी तलाव गावाएवढाच मोठा. आणि दुसरं सागाचं लाकूड. बाकी सगळ्याचा तोटाच होता. हायस्कूल नवीनच निघालं होतं. भिंतींना गिलावा नव्हता, पण दारं मात्र राजवाड्याला शोभतील अशी!

एका उन्हाळ्यात मला नागपूरला सहा आठवड्यांच्या शिबिराला धाडलं. तिथं मी बास्केटबॉल पहिल्यांदा पाहिला आणि अक्षरशः वेडा झालो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाच-पाच जणांचे दोन संघ. मैदानाच्या दोन्ही टोकांना खांब, खांबावर लाकडी फळा, फळ्याला लोखंडाची रिंग, जमिनीपासून बरोबर दहा फूट. चेंडू वरून त्या रिंगेत पाडायचा. हातात धरून पळायचं नाही, आपटत आपटत न्यायचा. ताकदीपेक्षा नजर आणि मनगट लागतं. मला वाटलं, आमच्या अर्धपोटी पोरांसाठी यापरता खेळ नाही. येताना एक चामड्याचा चेंडू आणि एक नियमांचं पुस्तक घेऊन आलो. हेडमास्तर म्हणाले, "खांब उभे करा, पण शाळेकडं पैसा मागू नका."

पैसा कशाला लागतो? सागाचे दोन सोट लोकांनी आणून टाकले. रिंगा लोहारानं केल्या, चेंडू आतून टाकून पाहत, अगदी पुस्तकातल्या चित्राबरहुकूम. खांब उभे करायला चिंधूजी सुतार आले. चिंधूजी म्हणजे साडेसहा फुटी माणूस, घरात शिरताना नेहमी वाकणारा. शाळेची मोजायची टेप वाळवीनं खाल्ली होती आणि नवीची मंजुरी यायची होती. म्हणून मी पाटीवर हिशेब मांडला. दीड फुटाचा एक हात, तर दहा फूट म्हणजे पावणेसात हातांना थोडं कमी.

चिंधूजींनी पाटीकडं पाहिलंच नाही. "पावणेसात हाताचा खांब मी जिंदगीत उभा नाई केला, गुरुजी. अधुऱ्या मापाचा खांब लाभत नाई. सात हात धरतो."

"रिंग दहा फुटांवर आली पाहिजे बरं का."

"तुमची रिंग चार बोटं खालीच बसन नाई का? मंग झालं बराबर."

मला ते पटलं. चिंधूजींनी कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपला हात सोटावर सात वेळा ठेवला, कोळशानं खूण केली, आणि त्या हिशेबानं खांब गाडले. गावात घरं, गोठे, देवळाचा मंडप, सगळं याच हातानं मोजलेलं होतं आणि सगळं सरळ उभं होतं. मी नारळ फोडला.

राहिली रिंगेखालची जाळी. जाळी म्हटलं की आमच्याकडं एकच मोहल्ला, तलावाच्या पाळीखालचा, म्हणजे बांधाखालचा, मासे धरणाऱ्या ढिवरांचा. तिथले लटारूभाऊ जाळं विणण्यात सगळ्यांत नावाजलेले. नारूच्या रोगानं त्यांचा डावा पाय गुडघ्यात आखडला होता. पूर्वी ते छातीभर पाण्यात दिवसभर उभे राहत, आता काठावर बसून विणायचे, नाही तर डोंग्याच्या टोकाशी बसायचे. डोंगा म्हणजे एकाच झाडाचा कोरलेला नावेसारखा ओंडका. मी त्यांना हातांनी माप दाखवलं. आठ दिवसांत ते जाळी घेऊन आले, शिडी लावून आखडल्या पायानं स्वतः वर चढले आणि बांधून खाली उतरले. जाळी देखणी. पण खालून शिवलेली!

मी चेंडू टाकला. तो आत जाऊन बसला.

"पाहा," लटारूभाऊ खुशीत म्हणाले, "सुटते का?"

"अहो, सुटायलाच पाहिजे ना! खालून मोकळी हवी."

"खाल्ची गाठ नाई मारू? मंग ते जाळं कायचं, गुरुजी? धरून ठेवत नाई त्याले जाळं कसं म्हनाव?"

शेवटी पुन्हा वर चढून त्यांनी तळ कापला. कापताना त्यांचं तोंड असं झालं होतं, जणू मी त्यांना स्वतःचं धोतर फाडायला लावलं. खाली उतरून त्यांनी आपल्या पोराला हाक मारली. "दसऱ्या, टाक बरं एक. काय होते ते पाहू दे."

दसरू माझ्या आठवीच्या वर्गात होता. दसऱ्याला झालेला म्हणून दसरू. वर्गात तो कधी बोललेला मला आठवत नव्हता. हजेरीला नुसती मान हलवायचा आणि मी छडी आपटायचो. त्यानं चेंडू उचलला. पुस्तकात लिहिलं होतं की रिंगेकडं तोंड करा, गुडघे वाकवा, वगैरे. यानं त्यातलं काहीच केलं नाही. रिंगेकडं खांदा करून उभा राहिला, टाचेवर अर्धा वळला आणि दोन्ही हातांनी चेंडू सोडला. चेंडू इतका उंच गेला की मला वाटलं छपरावर पडतो. तो वर थांबल्यासारखा झाला, मग खाली आला आणि जाळीतून सळ्ळकन निघून जमिनीवर पडला. कडेला लागलाही नाही.

"लागला नशिबानं," मी म्हटलं. "पुन्हा टाक."

त्यानं पुन्हा टाकला. मी त्याला दहा वेळा टाकायला लावला आणि नऊ वेळा तो आत गेला. खोटं कशाला सांगू, मला भीतीच वाटली. असं काही पाहिलं की देवळात उभं असल्यासारखं होतं, आणि मी तर फारसा देवळात जाणारा माणूस नाही.

त्यानंतर चार वर्षं तो पोरगा रोज संध्याकाळी मैदानावर असायचा. पहाटे बापाबरोबर डोंग्यात, दुपारी शाळेत, संध्याकाळी माझ्याकडं. अनवाणीच. चेंडूचं ब्लॅडर फुटलं की सिंदेवाहीच्या सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणायचं, तेवढे दोन दिवस तो भोपळा घेऊन सराव करायचा. मी त्याला काय शिकवलं? नियम शिकवले, शिट्टी ओळखायला शिकवलं, पुस्तकातल्या दोन-चार चाली शिकवल्या. फेकणं शिकवायला गेलो आणि पहिल्याच आठवड्यात कान धरले. एकदा मी त्याला विचारलं, "अरे, फेकताना तू रिंगेकडं पाहत नाहीस. पाहतोस कुठं?"

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाला, "मासोळी जिथी दिसते तिथी नसते ना जी. थोडी खाल्ती असते. तिच्याकडं पाह्यलं त जाळं चुकते. जिथी पडाचं तिथी पाहाव लागते."

हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, सांगा!

चांद्याच्या शाळा आमच्याकडं सामने खेळायला यायच्या, कारण सागाचे फळे फक्त आमच्याकडं होते. येणारे सगळे हरून जायचे. त्यांचे चेंडू रिंगेपर्यंत पोचायचेच नाहीत, खालीच आपटायचे. एकदा त्यांचा कप्तान मला म्हणाला, "मास्तर, तुमची रिंग उंच वाटते." मी मिशीला पीळ देऊन उत्तर दिलं, "हरणाऱ्याला रिंग उंचच दिसते, बाळा." पोरं हसली. या वाक्यावर मी इतका खूश होतो की वर्षभर ते सगळ्यांना ऐकवत फिरलो. आज आठवलं तर कानशिलं तापतात.

दसरू मॅट्रिकच्या वर्गात असताना नागपूरच्या एका कॉलेजातले प्राध्यापक गावात लग्नाला आले. त्यांच्याकडं कॉलेजचे खेळ होते. मांडवातून उठून हातात पानाचा विडा घेऊन ते मैदानाच्या कडेला उभे राहिले, आणि विडा तोंडात टाकायचा विसरले. दसरू अर्ध्या मैदानावरून टाकत होता. "हा इतकी उंच कमान का देतो?" त्यांनी विचारलं. "जाळं फेकणाऱ्याचा हात आहे साहेब," मी फुशारकीनं म्हटलं. जाताना ते म्हणाले, "मॅट्रिक झाला तर जूनमध्ये चाचणीला घेऊन या. घेतला तर फी माफ, राहणं-जेवण कॉलेजचं. नाही घेतला तर मात्र माझ्या हातात काही नाही."

पोरगा तिसऱ्या श्रेणीत का होईना, पास झाला. ढिवर मोहल्ल्यातला पहिला मॅट्रिक. मी पेढे घेऊन लटारूभाऊंकडं गेलो आणि नागपूरची गोष्ट काढली. त्यांनी पेढा पोराच्या आईला दिला आणि जाळं विणत राहिले.

इथं त्यांच्यातली एक रीत सांगितली पाहिजे. जेठात तलावाचं पाणी उतरलं की सगळा मोहल्ला मिळून तलाव मारतो, म्हणजे एकजात सगळे पाण्यात उतरून मोठं जाळं ओढत नेतात. घरामागे एक माणूस पाण्यात पाहिजे. ज्या घराचा माणूस पाण्यात नाही, त्या घराला त्या दिवसाच्या मासोळीत वाटा नाही आणि पुढं वर्षभर तलावात जाळं टाकायचा हक्कही नाही. मग त्या घरानं दुसऱ्याच्या धानाच्या बांधीवर मजुरीला जायचं. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता, म्हणून तो मोडताही येत नव्हता. लटारूभाऊंचा पाय असा. घरात पाण्यात उतरणारा एकटा दसरू. आणि चाचणीचा दिवस तलाव मारण्याच्या आधी तीन दिवसांचा. घेतला तर लगेच वसतिगृहात राहून सराव सुरू करायचा, घरी परतायचं नाही, असं प्राध्यापकांनी कळवलेलं.

"भाऊ, एक वर्षाचा प्रश्न आहे," मी म्हटलं.

"एक साल काऊन? तो शिकला मंग पाण्यात उतरते का?" लटारूभाऊंनी वर न पाहताच विचारलं.

दसरूची आई दाराच्या आडून म्हणाली, "जाऊ द्या ना पोट्ट्याले. पाहून त येऊ द्या."

लटारूभाऊंनी हातातलं जाळं बाजूला ठेवलं. म्हणाले, "ठीक हाये. घेतलं त शिकू दे. नाई घेतलं त तलाव माराच्या दिवशी तो पाण्यात, आन् मंग शाळा-कालेजाचं नाव कोनी काहाडाचं नाई. तुमीबी नाई, गुरुजी. आन् मी संग येतो. आपल्या डोळ्यानं पाह्यतो."

सिंदेवाहीहून छोट्या लाईनची गाडी, नागभीडला बदलायची, आणि मग नागपूर. ती गाडी इतकी हळू की दसरू दोनदा उतरून पाणी पिऊन पुन्हा चढला. लटारूभाऊ खिडकीशी बसून जाणारा प्रत्येक तलाव पाहत होते आणि पोराला सांगत होते, हा भरला की किती होत असेल, त्यात कोणती मासोळी असेल. त्यांना वाटत होतं पोरगा आपलाच राहणार. पोराला काय वाटत होतं ते त्यानं कोणाला सांगितलं नाही. फक्त चेंडू मांडीवर धरून बसला होता, गाव सोडल्यापासून.

कॉलेजचं मैदान पाहून मी गार झालो. आखलेल्या पांढऱ्या रेघा, रंगवलेले फळे, कॅनव्हासचे बूट घातलेली शहरी पोरं. चाचणी साधी होती. आधी ठरलेल्या रेघेवरून दहा वेळा चेंडू टाकायचा, आणि त्यातून निवडलेल्यांचा मग आपसांत सामना. मी प्राध्यापकांच्या शेजारी खुर्चीवर बसलो. लटारूभाऊंना खुर्ची दिली तर ती त्यांनी घेतली नाही, ते समोरच्या कडेला निंबाखाली उकिडवे बसले.

दसरूचा नंबर आला. खांदा रिंगेकडं, टाचेवर वळला, सोडला. चेंडू रिंगेवरून गेला आणि फळ्याच्या वरच्या कडेला लागून मागं पडला. मला वाटलं, बिचकला. दुसराही तसाच. तिसरा तर फळ्याच्याही वरून गेला. बूटवाली पोरं हसायला लागली. प्राध्यापकांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि मी खुर्चीवरून उठून ओरडलो, "घाबरू नको दसरू! मन लावून टाक! जोर लाव, जोर!"

गुरूचं ऐकणारा पोरगा तो. त्यानं जोर लावला. चौथा चेंडू कुंपणापलीकडं रस्त्यावर गेला आणि एका टांगेवाल्यानं परत आणून दिला. आता सगळेच हसले. दसरू रेघेवर उभा राहून आपल्या तळहातांकडं पाहत होता. चार वर्षांत त्या हातांनी त्याला कधी दगा दिला नव्हता. त्याचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. पाचवा चेंडू त्यानं कसाबसा टाकला आणि तोही गेला. प्राध्यापकांनी पेनाला टोपण लावलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात समोरून हाक आली. मैदान दणाणून सोडणारी हाक. पाण्यावरून पलीकडच्या काठाला ऐकू जावं म्हणून ते लोक घालतात, तशी.

"दसऱ्याऽऽ! पाणी उथळ हाये बे! उथळऽऽ!"

लटारूभाऊ निंबाखाली उभे होते, आखडल्या पायावर तिरपे, आणि हात खाली दाबून दाखवत होते.

कोणाला काही कळलं नाही. मलासुद्धा नाही. दसरूला मात्र कळलं. डोंग्यात बाप पुढं बसायचा, बांबूनं तळ चाचपायचा आणि खोल का उथळ ते ओरडून सांगायचा. पोरगा मागं उभा राहून त्या अंदाजानं जाळं फेकायचा. खोल असेल तर उंच, उथळ असेल तर बसकं आणि जवळ. दसरू रेघ सोडून चालत रिंगेखाली गेला. मान वर करून पाहिलं. हात उंच करून एक उडी मारली आणि त्याची बोटं जाळीला लागली. आमच्या गावी चार वर्षांत ती कधी लागली नव्हती. तो परत रेघेवर आला, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा मला त्याचे खांदे सैल पडलेले दिसले.

सहावा आत. सातवा, आठवा, नववा, दहावा, सगळे आत. एकही कडेला लागला नाही. पुढं जो सामना झाला त्याबद्दल मी काय लिहू? तो टाकत होता आणि जाळी हलत होती, एवढंच मला आठवतं. बूटवाली पोरं त्याला अडवायचं सोडून पाहत उभी राहिली. एकानं तर स्वतःच्या हातातला चेंडू त्याला दिला आणि म्हणाला, "और एक बार दिखा यार." प्राध्यापक उठून उभे राहिले होते. आणि मी, ड्रिल मास्तर, ज्यानं आयुष्यभर पोरांना 'सरळ उभे राहा' म्हणून दरडावलं, तो खुर्चीची पाठ धरून लहान मुलासारखा रडत होतो.

सामना संपल्यावर मी लटारूभाऊंकडं धावलो. "भाऊ, तुम्हाला कळलं कसं?"

"तुमचा खांब उच्चा हाये ना, गुरुजी. मी दर साली जाळी बदलाले चढतो. हा ठेंगना. बसल्या बसल्या दिसून राह्यला होता." ते साधेपणानं म्हणाले. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. गावी परतल्यावर शिंप्याची टेप नेऊन मी रिंगेची उंची मोजली. अकरा फूट आणि वर दोन बोटं. सात हात बरोबर होते, पण हात चिंधूजींचे होते.

दसरूचं पुढं काय झालं ते नागपूरच्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. दुसऱ्या वर्षी कॉलेजचा कप्तान, तिसऱ्या वर्षी विद्यापीठाचा संघ, आणि रेल्वेनं दूरदूरची गावं. माझे सत्कार झाले. 'जंगलातून हिरा शोधणारे गुरुजी' म्हणून हार घातले. अकरा फुटांच्या रिंगेची गोष्ट मी एकाही भाषणात सांगितली नाही. विचारलं कोणी नाही, म्हणून सांगितली नाही, अशी मी मनाची समजूत घालत आलो. चूक सुतार माणसाच्या माथी मारावी असंही मला कधी वाटलं नाही, कारण मोजून घेणं माझं काम होतं. आणि लटारूभाऊ तर कोणत्याच भाषणात आले नाहीत. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली, याची लाज आहे.

पण खरी सांगायची गोष्ट परतीच्या गाडीतली आहे. दसरू वसतिगृहात राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी तो बापाच्या पाया पडला. लटारूभाऊंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जेवत जाय." एवढंच. गाडीत आम्ही दोघंच समोरासमोर बसलो होतो. येताना प्रत्येक तलाव दाखवणारा माणूस आता बाहेर बघत नव्हता. माझ्या मनात एकच विचार घोळत होता, आणि शेवटी मी तो बोलून गेलो.

"भाऊ, तुम्ही गप्प बसले असते तर पोरगा आत्ता इथं आपल्यासोबत असता. परवा पाण्यात उतरला असता."

लटारूभाऊंनी विडी काढली, पण पेटवली नाही.

"ठरवलंच होतं मी गप राहाचं," ते म्हणाले. "पह्यल्याच चेंडूले दिसलं होतं मले. म्हनलं, चूप राह्य लटारू, पोट्टा घरी येते. चार गेले, पाच गेले. मंग त्यानं आपल्या हाताकडं पाह्यलं. पाह्यवलं नाई जी. तोंडातून निंगून गेलं."

मोठी माणसं मी पाहिली आहेत, मंत्री पाहिले, हार घालणारे पाहिले. त्या दिवशी त्या तिसऱ्या वर्गाच्या बाकावर माझ्यासमोर जो बसला होता, त्याच्याएवढा मोठा माणूस मला पुन्हा दिसला नाही.

नागभीडला गाडी बदलायला वेळ होता. लटारूभाऊंनी स्टेशनबाहेरच्या पोस्टातून एक पोस्टकार्ड आणलं. "गुरुजी, चिठ्ठी लिहून देसान का दसऱ्याले?"

मी पेन काढलं. ते एकेक शब्द तोलून सांगू लागले. "लिहा. तलाव मारून झाला. मासोळी लय निंगाली. मोहल्ल्यानं आपल्या घराचा वाटा बराबर देल्ला. मी सोता पाण्यात उतरलो, पायाले काई झालं नाई. तू घराची फिकीर करू नोको. आन् सुट्टी लागल्याबिगर येऊ नोको."

"भाऊ, तलाव तर परवा मारायचा आहे."

"म्हनूनच म्हनतो. आता लिहून ठेवा. तलाव झाल्यावर टाका. नाई त तो पोट्टा पळत येईन."

मी लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाळीवर गेलो. सगळा मोहल्ला पाण्यात होता, बाप, लेक, भाऊ, सगळे ओरडत जाळं ओढत होते. लटारूभाऊ काठावर एकटे बसून कोणाचं तरी फाटलेलं जाळं सांधत होते. दुपारी चिंचेखाली मासोळीचे ढीग पडले, घरागणिक एकेक. मी उभ्या उभ्या ते मोजले. एक कमी होता. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि माना खाली घातल्या. लटारूभाऊंनी सांधलेलं जाळं ज्याचं होतं त्याला दिलं, धोतर झटकलं आणि घराकडं निघाले. माझ्यापाशी क्षणभर थांबले.

"टाकली का जी चिठ्ठी?"

"आज टाकतो," मी म्हटलं. आणि संध्याकाळी टाकली.